पाय पाहून अंथरूण

'अंथरूण पाहून पाय पसरावे' या म्हणीचा वाक्यात उपयोग आपण सगळ्यांनीच शाळेत कधी ना कधी केलेला आहे. पैशाच्या बाबतीत ही म्हण शंभर टक्के खरी. पण डिसेंबर महिन्यात, धरणाच्या काठावर, तंबूत झोपायची वेळ येते तेव्हा ती उलटी वाचावी लागते. तिथे अंथरूण पाहून पाय पसरले तर पाय रात्रभर गार पडतात. तिथे पाय पाहूनच अंथरूण घ्यावं लागतं. नुसते पाय नाही, तर खांदे, पोट आणि कोपरंसुद्धा पाहून!

हे सांगायचा अधिकार मला माझ्या देहाने दिलेला आहे. मी मूळचा आष्टीचा. आष्टी म्हटलं की बीडची का, असं पुण्या-मुंबईकडची मंडळी विचारतात. नाही हो, आमची शहीद आष्टी, वर्धा जिल्ह्यातली, १६ ऑगस्ट १९४२ ची. उंची सहा फूट, वजन १०६ किलो. होस्टेलमध्ये मला खऱ्या नावाने फक्त हजेरी घेणारे सर ओळखतात, बाकी सगळ्यांचा मी 'मोठ्या'. त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती 'फ्री साइज' या दोन शब्दांबद्दल.

कॅम्पला निघताना स्टोअरमधून स्लीपिंग बॅग वाटतात. सगळ्या एकाच मापाच्या. बर्डीवरच्या एका दुकानात विचारलं तर तिथलेही भाऊ म्हणाले, "घेऊन जा, फ्री साइज आहे, कोणीही मावते." मावतो ना! पोत्यात कापूसही मावतो. प्रश्न मावण्याचा नसून झोपण्याचा आहे. चेन छातीपर्यंत येऊन थांबते, हात अंगाला चिकटून राहतात, कूस बदलायची तर अख्खी बॅग घेऊन वळावं लागतं, आणि पहाटे तीन वाजता खांद्यांना आणि गुडघ्यांना अशी थंडी वाजते की तापमानाचा आकडा छापणाऱ्याला भेटायची इच्छा होते. शेजारी आपला पन्नास किलोचा रूममेट त्याच बॅगेत घोरत असतो. सकाळी तोच विचारतो, "अबे मोठ्या, तुझ्या अंगावर एवढी चरबी, तुला कशी काय थंडी वाजली बे?"

याचं उत्तर विनोदात देता येत नाही, म्हणून हा लेख. कारण गंमत इथेच संपते. दर वर्षी हिवाळी शिबिराची किंवा ट्रेकची यादी लागते, आणि पहिल्या वर्षी एकदा येऊन गेलेली काही नावं दुसऱ्या वर्षी त्या यादीत नसतात. कोणी 'सबमिशन आहे' म्हणतो, कोणी 'घरी लग्न आहे' म्हणतो. 'मला त्या बॅगेत झोपता येत नाही, आणि सगळ्यांसमोर चेन अडकलेली मला आवडत नाही' असं कोणीही म्हणत नाही. लेडीज होस्टेलमध्ये तर हे कोणी उच्चारतही नाही. आमच्या वर्गातल्या एका मैत्रिणीने मला हे सांगितलं ते तिसऱ्या वर्षी, आणि तेही मी माझं रडगाणं आधी गायल्यावर. म्हणजे एका वस्तूच्या घेरामुळे माणसं चांदणं, शेकोटी आणि मैत्री या सगळ्याला मुकतात. माझ्या मते ही स्टोअरची बाब राहत नाही. कोणाला सोबत न्यायचं आणि कोणाला नाही, हे ती वस्तू ठरवू लागते.

आता इंजिनिअरसारखा विचार करू. स्लीपिंग बॅग स्वतः उष्णता निर्माण करत नाही. उष्णता आपलं शरीर देतं, बॅग ती फक्त धरून ठेवते. धरते कशाने? कापडाने नाही, पिसांनीही नाही, तर त्यांच्यामध्ये अडकलेल्या हवेने. म्हणून बॅगेचा फुगवटा हीच तिची ऊब. हीट ट्रान्सफरच्या पहिल्याच धड्यात आहे की थराचा उष्णतारोध त्याच्या जाडीच्या प्रमाणात असतो. आतून खांद्याने किंवा कोपराने दाबून पाच सेंटिमीटरचा थर अडीच सेंटिमीटर केला, तर तिथला रोध निम्मा झाला. अरुंद बॅगेत मोठ्या माणसाला थंडी वाजते ती यामुळे. त्याचं शरीरच आतून बॅगेला दाबतं, आणि पैसे देऊन घेतलेली जाडी तिथे उरतच नाही.

किती घेर पुरे, हेही काढता येतं. हात खाली सोडून, स्वेटर घालून, दोन्ही खांद्यांभोवती टेप फिरवा. माझं माप ५६ इंच येतं. नेहमीच्या निमुळत्या बॅगेचा खांद्याजवळचा आतला घेर बहुतेक ६० ते ६२ इंच असतो. शरीर काही गोल नसतं, पण अंदाजासाठी गोल धरू. घेरांतला फरक भागिले दोन पाय, म्हणजे चारही बाजूंनी मिळणारी मोकळी जागा. ६० वजा ५६ म्हणजे ४, भागिले ६.२८, उत्तर सुमारे ०.६ इंच, म्हणजे दीड सेंटिमीटर. ही जागा सावधान स्थितीत झोपल्यावरची! हात पोटावर घेतले की कोपरं तेवढी जागा खाऊन टाकतात. माझ्या रूममेटचं माप ४४ इंच. त्याला त्याच बॅगेत अडीच इंच मोकळे मिळतात. एकच बॅग त्याच्यासाठी खोली आहे आणि माझ्यासाठी बँडेज.

मी स्वतःसाठी ठरवलेला नियम असा : स्वेटरसकट खांद्याचं माप अधिक किमान १० इंच. पाठीवर मुकाट झोपणाऱ्याला ८ चालतील. कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपणाऱ्याला १२ लागतील. खांद्यापेक्षा पोटाचा किंवा कमरेचा घेर जास्त असेल तर तेच माप धरायचं, कारण निमुळती बॅग कमरेकडे आणखी अरुंद होत जाते. लांबीचंही तसंच. 'रेग्युलर' बॅग साधारण सहा फुटांपर्यंतच्या माणसासाठी असते. जेमतेम बसणाऱ्याने 'लाँग' घ्यावी, नाहीतर तळपाय टोकाला टेकून तिथला थर दाबतात.

मग प्रश्न येतो, बॅगेवर जो तापमानाचा आकडा छापलेला असतो तो कोणासाठी? याचं उत्तर मला फार गमतीचं वाटलं. युरोपात २००२ मध्ये ईएन १३५३७ हे मानक ठरलं, आणि २०१६ पासून त्याची जागा आयएसओ २३५३७ ने घेतली. त्यात बॅगेत तापवलेला पुतळा ठेवून मोजमाप होतं आणि आकडे काढले जातात ते 'प्रमाण' पुरुष व 'प्रमाण' स्त्री यांच्यासाठी. प्रमाण पुरुष २५ वर्षांचा, उंची १.७३ मीटर, वजन ७३ किलो. प्रमाण स्त्री २५ वर्षांची, १.६० मीटर, ६० किलो. म्हणजे छापलेला आकडा खोटा नाही, तो दुसऱ्याच्या मापाचा आहे. तुमचा घेर बसत असेल तरच तो तुम्हाला लागू पडतो.

सरासरी माणसासाठी केलेली वस्तू सगळ्यांना होते, हा समज किती फसवा आहे, हे अमेरिकेच्या हवाई दलाने एकदा अनुभवलं आहे. १९५० साली त्यांनी हजारो वैमानिकांची मापं घेतली. गिल्बर्ट डॅनियल्स नावाच्या तरुण संशोधकाने त्यातल्या ४,०६३ जणांची दहा मापं तपासली. दहाही बाबतींत सरासरीच्या आसपास असलेले वैमानिक किती निघाले? शून्य. एकही नाही! त्यातून धडा असा घेतला गेला की कॉकपिट माणसाला जुळवून घेणारं हवं, सीट आणि पट्टे मागेपुढे होणारे हवेत. लढाऊ विमानात जे करता येतं, ते आपल्या स्टोअरच्या कपाटात करता येणार नाही का?

आता तुम्ही म्हणाल, ठीक आहे, सगळ्यात रुंद बॅग घे आणि सुखाने झोप. इथेच खरी अडचण आहे. रुंद बॅग म्हणजे जास्त कापड, जास्त भरण, जास्त वजन. आणि चढावर आधीच १०६ किलो वाहणाऱ्या माणसाच्या पाठीवर आणखी वजन देणं हा काही न्याय नाही. बाजारात मोठ्या मापाच्या बऱ्याच बॅगा गाडीने कॅम्पला जाणाऱ्यांसाठी केलेल्या असतात, दोन-अडीच किलोच्या. पाठीवरच्या सॅकमध्ये त्या बसवल्या की पाण्याच्या बाटलीला जागा उरत नाही. म्हणजे मोठ्याने एक तर अरुंद बॅगेत कुडकुडावं, नाहीतर वजनाने दमावं, असे दोनच पर्याय दिसतात.

माझं म्हणणं आहे की तिसरा पर्याय आहे, आणि तो एका गणितात आहे. समजा एक किलोची बॅग आहे, त्यात अर्धा किलो कापड आणि चेन, अर्धा किलो भरण. तिचा घेर ६० चा ७० इंच केला तर क्षेत्रफळ सुमारे १७ टक्के वाढतं. कापड आणि भरण दोन्ही तेवढे वाढतात. म्हणजे सुमारे १७० ग्रॅम. आता घेर न वाढवता तीच बॅग १० अंशांऐवजी शून्य अंशासाठी करू. त्वचेचं तापमान ३३ अंश धरलं, तर पूर्वी २३ अंशांचा फरक सांभाळायचा होता, आता ३३ चा. तेवढीच उष्णता बाहेर जाऊ द्यायची तर थर ४३ टक्के जाड हवा. भरणच अर्ध्या किलोला २१५ ग्रॅमने वाढलं. म्हणजे दहा अंशांची किंमत दहा इंचांपेक्षा जास्त आहे! खऱ्या बॅगेत आकडे थोडे इकडेतिकडे होतील, पण दिशा हीच राहील.

म्हणून माझं एकच सूत्र : अंश कमी घ्या, इंच जास्त घ्या. आपण नेमकं याच्या उलट करतो. दुकानात गेलो की 'वजा पाच' वाचून छाती फुगते, हिमालयाची स्वप्नं पडतात, आणि वर्ध्याच्या थंडीसाठी आपण लडाखची बॅग घेऊन येतो, तीही अरुंद!

आपल्याकडची थंडी नेमकी किती? वर्धा-नागपूर पट्ट्यात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री साधारण १० ते १५ अंशांच्या असतात. लाट आली की पारा त्याच्याही खाली घसरतो. २९ डिसेंबर २०१८ ला नागपूरला ३.५ अंश नोंदले गेले होते. पण ती अपवादाची रात्र. चिखलदरा सुमारे १,१०० मीटर उंचीवर आहे. दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश हा हिशेब धरला तर आपल्यापेक्षा पाचेक अंश थंड. शिवाय स्वच्छ आकाशाच्या, वारा नसलेल्या रात्री नदीकाठचा खोलगट भाग टेकडीच्या उतारापेक्षा गार असतो, कारण थंड हवा जड होऊन खाली साचते. आमच्याकडे अप्पर वर्धा धरणाच्या बाजूला पहाटे उभं राहिलं की हे पुस्तक न उघडता कळतं. हे सगळं धरूनही विदर्भातल्या मोठ्या माणसाला 'कम्फर्ट' ५ ते ८ अंशांची बॅग पुष्कळ झाली. त्यापेक्षा थंड रात्र आलीच तर स्वेटर, कानटोपी आणि कोरडे मोजे आहेत. रुंद बॅगेत ते घालूनही जागा उरते, हा तिचा दुसरा फायदा. अरुंद बॅगेत स्वेटर घातला की उरलीसुरली हवाही जाते.

आणि हो, आकडा वाचताना तीन आकड्यांतला 'कम्फर्ट' वाचा. 'लिमिट' म्हणजे प्रमाण पुरुष अंग चोरून कसाबसा रात्र काढेल ते तापमान. 'एक्स्ट्रीम' म्हणजे जीव वाचवण्याची मर्यादा, झोपण्याची नव्हे. पुष्कळदा पिशवीवर मोठ्या अक्षरात कुठला आकडा छापलाय हे सांगितलेलंच नसतं. असं असेल तर विचारा, आणि उत्तर मिळालं नाही तर तो आकडा आपल्या कामाचा नाही असं समजा.

आकाराचं काय? निमुळत्या 'ममी' आकाराची टोपीवाली बॅग कमी वजनात जास्त ऊब देते, पण बारीक माणसाला. आपल्यासाठी दोन पर्याय बरे. पहिला, आयताकृती किंवा किंचितच निमुळती बॅग, बिनटोपीची, दोन्ही बाजूंनी उघडणाऱ्या पूर्ण लांबीच्या चेनची. गरम झालं तर पायाकडून उघडता येते, पूर्ण उघडली तर पांघरूण होते. एकाच कंपनीच्या, एक डावी आणि एक उजवी चेनवाली अशा दोन बॅगा बहुधा एकमेकींना जोडताही येतात, म्हणजे दोन भावांचा एक मोठा बिछाना होतो.

दुसरा पर्याय माझ्या मते जास्त चांगला आहे, आणि तो आपल्या घरचाच आहे. परदेशात त्याला 'क्विल्ट' म्हणतात. आपण अंगाखाली घेतलेलं भरण वजनाने चेपून निकामी होतं. मग ते वाहायचंच कशाला? खालचा भाग काढून टाकायचा, फक्त पायाशी पिशवीसारखं शिवायचं आणि वरून पांघरायचं. रे जार्डिन नावाच्या गिर्यारोहकाने १९९२ साली पॅसिफिक क्रेस्ट ट्रेलवर चालणाऱ्यांसाठी पुस्तक लिहिलं. मेक्सिकोच्या सीमेपासून कॅनडापर्यंतची ही साधारण ४,२०० किलोमीटरची वाट. तो आणि त्याची बायको घरी शिवलेलं दोघांचं पांघरूण घेऊन चालायचे. हे वाचल्यावर माझी आई म्हणाली, "म्हणजे गोधडीच की रे!" अगदी बरोबर. गोधडीला चेन नाही, घेर नाही, 'फ्री साइज'चा शिक्का नाही, आणि तरीही खऱ्या अर्थाने फ्री साइज तीच आहे. गंमत म्हणजे वेल्समधल्या प्राइस-जोन्स नावाच्या व्यापाऱ्याने १८७६ मध्ये पेटंट घेतलेली आद्य स्लीपिंग बॅगही मुळात घडी घालून बांधायचं लोकरी ब्लँकेटच होती. तिच्यातच उशीची सोय होती.

मग घरचीच गोधडी का नेऊ नये? शाळेच्या खोलीत शिबिर असेल, गाडी दारापर्यंत जात असेल, तर जरूर न्या. तिच्यासारखं सुख नाही. पण जुन्या साड्या-धोतरांची सुती गोधडी दोन-अडीच किलोच्या खाली क्वचितच येते, दवाने ओली झाली की आणखी जड होते आणि वाळता वाळत नाही. पाठीवर घेऊन चालायचं असेल तर आकार गोधडीचा आणि माल हलका, असं पाहिजे. पॉलिस्टर भरणाची क्विल्ट आपल्याकडचा कोणताही रजईवाला सांगितलेल्या मापाची शिवून देऊ शकतो. बाहेरून हलकं नायलॉन, आत भरण, रुंदी स्वतःच्या मापाची. ज्याला विकतची बॅग बसत नाही त्याला शिवून घेण्याचा मार्ग आहे, आणि आपल्या देशात तो अजून परवडतो.

भरणाबद्दल थोडक्यात. बदकाच्या किंवा हंसाच्या मऊ पिसांचं भरण तेवढ्याच उबेला सगळ्यात हलकं आणि लहान घडी होणारं. त्याचा 'फिल पॉवर' आकडा, म्हणजे ५५०, ६५०, ८००, जितका मोठा तितका कमी वजनात जास्त फुगवटा. पण ते महाग, आणि ओलं झालं की फुगवटा बसतो. पॉलिस्टर जरा जड, पण स्वस्त, ओलसरपणातही बऱ्यापैकी काम देणारं आणि होस्टेलच्या बादलीत धुता येणारं. दव, शेकोटी आणि उधार मागणारे मित्र या तिन्हींचा विचार करता क्लबसाठी पॉलिस्टरच बरं. ज्याला पुढे खरंच हिमालयात जायचंय त्याने पिसांसाठी पैसे साठवावेत. आणि कोणतीही बॅग कोंबलेल्या पिशवीत वर्षभर ठेवू नका. कपाटात सैल टांगा, नाहीतर फुगवटा कायमचा बसतो.

पण बॅगेपेक्षाही आधी पाहायची गोष्ट खाली असते. आमचे मोठेबाबा हरभऱ्याच्या राखणीला रात्री शेतात जागलीला जातात. रानडुकरं आणि रोही पिकात शिरू नयेत म्हणून. मी त्यांना माझ्या सगळ्या आकडेमोडीचं सांगितलं. ते ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वरून कितीबी पांघर बापू, थंडी तं खालून येते." त्यांच्या मचाणावर आधी कडब्याचा जाड थर, त्यावर पोतं, त्यावर ते, आणि वर गोधडी. आपल्या भाषेत सांगायचं तर जमिनीकडे वहनाने जाणारी उष्णता त्यांनी आधी तोडली. जड माणसाच्या बाबतीत हे दुप्पट खरं, कारण आपल्या वजनाने अंथरूण जास्त चेपतं. बाजारातल्या बऱ्याच मॅट २० इंच रुंद असतात. पाठीवर झोपलं की माझे दोन्ही हात त्याच्या बाहेर, थंड जमिनीवर. म्हणून २४-२५ इंच रुंद फोमची मॅट पाहा, किंवा दोन साध्या योगा मॅट एकावर एक टाका. सुट्या पेंढ्या मिळत असतील तर मोठेबाबांची पद्धत फुकट आहे.

विकत घेताना लाजू नका. दुकानात बॅग जमिनीवर पसरा, बूट काढा आणि खरंच आत शिरा. चेन पूर्ण लावा. हात छातीवर घ्या, कुशीवर वळा, गुडघे वाकवा. सोबतच्या मित्राला खांद्यावर आणि गुडघ्यावर बाहेरून हात ठेवायला सांगा. तिथे बॅग ताणलेली लागली तर ती तुमची नाही, मग तिच्यावर 'वजा दहा' लिहिलेलं असो. शेवटी ती पिशवीत घालून वजनकाट्यावर ठेवा. मोठ्या मापाची, आपल्याकडच्या थंडीची बॅग सव्वा ते दीड किलोच्या आत बसत असेल तर सौदा चांगला.

आता माझ्या मताला येणारी दोन उत्तरं मला पाठ आहेत. पहिलं, "त्यापेक्षा वजन कमी कर ना!" करतो की. पण शिबिर पंधरा दिवसांवर आहे, आणि खांद्याची हाडं डाएटने अरुंद होत नाहीत. शिवाय वजन कमी करायचा सगळ्यात आनंदाचा मार्ग म्हणजे डोंगर चढणं, आणि तुम्ही त्याच वाटेवर 'फ्री साइज'चं फाटक लावून ठेवलंय. दुसरं उत्तर, "मग सगळ्याच बॅगा मोठ्या घेऊ." हेही चूक. बारीक माणसाला ७० इंची बॅगेत आतली जास्तीची हवा आधी तापवावी लागते, आणि हालचालीबरोबर ती बाहेर ढकलली जाते. त्यालाही त्याच्या मापाचं मिळायला हवं. मोठ्यांवर मेहरबानी करा असं मी म्हणतच नाही. ज्याला त्याला त्याचं माप मिळावं, एवढंच म्हणणं आहे.

म्हणून आमच्या ट्रेकिंग क्लबच्या सेक्रेटरींना आणि स्टोअरच्या सरांना नम्र विनंती. गॅदरिंगच्या टी-शर्टसाठी आपण एस पासून ट्रिपल एक्सेल पर्यंत मापं विचारतोच, आणि त्याचं कोणाला काही वाटत नाही. तसेच शिबिराच्या फॉर्मवर दोन रकाने वाढवा : उंची, आणि स्वेटरसकट खांद्याचा किंवा कमरेचा घेर, जो जास्त असेल तो. ज्याने त्याने आपल्या खोलीत टेपने मोजून लिहावं, सगळ्यांसमोर कोणी मोजू नये. पुढच्या खरेदीत दर दहा बॅगांमागे दोन तरी ७० इंचांच्या वरच्या घ्या, आणि त्यातल्या काही लेडीज होस्टेलच्या स्टोअरला द्या. त्या वाढीव इंचांचे पैसे कुठून आणायचे? 'वजा पाच'ऐवजी 'अधिक पाच'ची बॅग घेऊन. हिशेब वर दिलेला आहे, कोणीही तपासून पाहावा.

आणि ज्यांची नावं यंदाच्या यादीत नाहीत त्यांना एवढंच सांगायचं आहे. थंडी वाजली ती तुमच्या अंगाची चूक नव्हती, ती साठ इंचांची होती. टेप दहा रुपयांना मिळतो. मोजा, फॉर्म भरा, आणि या.